छापायचं राहिलेलं शेपूट

गादीवाल्यांच्या मुलीला घरात, गल्लीत आणि पुढे कॉलेजातही सगळे 'पण' म्हणत. बोलायला लागली तेव्हा तिचा पहिला शब्द 'आई' होता आणि दुसरा 'पण', असं तिची आई सांगते. त्यातला पहिला आईने पदरचा घातला असावा. झोप आता म्हटलं, की 'पण मला झोप आली नाही.' दूध पी म्हटलं, की 'पण त्यात साय आहे.' शाळेतल्या बाईंनी प्रगतिपुस्तकावर 'फार वाद घालते' असा शेरा मारला, तेव्हा ही सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पण बाई, मी वाद घालतच नाही." बाईंनी शेरा तसाच ठेवला. त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही.

आता हे वेड तिने कुठून उचललं, हे शोधायला लांब जायला नको. बाजाररस्त्यावर तिच्या बाबांचं गाद्या, उशा आणि लोडांचं दुकान होतं. गादी ही काही उभ्या उभ्या घ्यायची वस्तू नव्हे. गिऱ्हाईक आधी ती हाताने दाबून बघतं, मग टेकतं, मग जरा लाजत आडवं होतं, आणि एकदा आडवं झालं की जगाबद्दल बोलायला लागतं. पाण्याची नवी टाकी कुठे व्हावी, भटक्या कुत्र्यांना खायला घालावं की नाही, चौकातल्या कारंज्याची काही गरज होती का, अशा सगळ्या भानगडींचे निकाल गादीवाल्यांच्या दुकानात लागत. बाबा मांडीवर कापड घेऊन दाभणाने टाके घालत बसलेले असायचे. गिऱ्हाइकाचं सगळं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि म्हणायचे, "तुमचं बरोबर आहे. पण..."

या 'पण'नंतर गिऱ्हाईक आणखी अर्धा तास हलायचं नाही आणि उठताना बहुतेक वेळा गादी घेऊन जायचं. कोपऱ्यातल्या उशांच्या ढिगाऱ्यावर बसून मुलगी हे सगळं ऐकायची. समोरच्या दुकानातले औषधवाले तिला बघून म्हणायचे, "गादीवाले, तुम्हाला काळजी नाही. गादीचा वारस तयार होतोय." हा विनोद त्यांनी इतक्या वर्षांत इतक्यांदा केला होता, की तो झाल्याशिवाय दोघांनाही दुकान उघडल्यासारखं वाटत नसे.

कॉलेजात गेल्यावर अशा मुलीने कुठे जायचं? ती गेली जिन्याखालच्या खोलीत. तिथून कॉलेजचं साप्ताहिक निघायचं. चार पानांचं, आणि छपाई अशी की वाचून झाल्यावर बातमी डोक्यात कमी आणि बोटांवर जास्त राहायची. खोलीत दोन कॉम्प्युटर होते. त्यातला एक कुशीत चापट मारल्याशिवाय सुरू होत नसे. संपादक होती शेवटच्या वर्षातली एक उंच, शांत मुलगी. तिला सगळे 'कात्री' म्हणत, कारण तिच्या हातात दिलेला लेख अर्धा होऊन परत यायचा आणि, राग यायचा तो याचाच, अर्धा झालेलाच बरा असायचा.

या साप्ताहिकात 'आमने-सामने' नावाचं सदर होतं. गावात ज्या विषयावर भांडणं चालू असतील तो विषय घ्यायचा आणि दोघांनी दोन बाजू लिहायच्या. यात नवीन काही नाही. नवीन होती ती कात्रीची रीत. सोमवारच्या बैठकीत प्रत्येकाने आपलं खरं मत सगळ्यांसमोर सांगायचं, आणि मग त्याच्या बरोबर उलट बाजू लिहायला घ्यायची. "स्वतःचं मत काय, कुणीही मांडतं," कात्री म्हणायची. "समोरच्याचं असं मांडा, की त्याने येऊन तुमचे आभार मानले पाहिजेत." आणि वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून सदराच्या तळाशी दर वेळी बारीक अक्षरात एक ओळ असायची : 'लेखकांना बाजू नेमून दिल्या आहेत, त्यांची स्वतःची मतं याच्या उलट आहेत.' खोलीत या ओळीला 'शेपूट' म्हणत. अंक छापायला जाताना कुणीतरी ओरडायचंच, "शेपूट लावलं का रे?"

पणला या रीतीचा पहिल्यांदा संताप आला होता. कारंज्याच्या वादात तिला कारंज्याची तरफदारी करावी लागली, आणि लिहून झाल्यावर चार दिवस तिला ते कारंजं चक्क सुंदर दिसत होतं. पण हळूहळू तिला त्यात गंमत वाटायला लागली. तिचा नेहमीचा प्रतिस्पर्धी होता वर्गातला एक गोल चेहऱ्याचा मुलगा. त्याचं प्रत्येक वाक्य 'अर्थात'ने सुरू व्हायचं, म्हणून तो 'अर्थात'. पण आणि अर्थात वाद घालायला बसले की खोलीतली बाकीची मंडळी काम टाकून ऐकत बसायची.

आणि मग नगरपालिकेने जाहीर केलं, की बाजाररस्ता वाहनांना बंद करून फक्त पायी चालणाऱ्यांसाठी ठेवायचा विचार आहे. नागरिकांची मतं ऐकायला जाहीर सुनावणी होईल.

दुकानदारांनी सगळा बाजार डोक्यावर घेतला. सुनावणीत आपल्या वतीने कोण बोलणार, हे ठरवायला त्यांना फार वेळ लागला नाही. बोलण्यात ज्याचा हात धरणारा कुणी नाही, तो माणूस गाद्या शिवत बसला होताच.

सोमवारच्या बैठकीत पणने हात वर करायचीही वाट पाहिली नाही. "हा शुद्ध मूर्खपणा आहे," ती म्हणाली. "गादी काय पिशवीत घालून नेणार आहे माणूस? दारात टेम्पो लागला नाही तर आमचं दुकान बसेल."

"छान," कात्री म्हणाली. "म्हणजे रस्ता बंद करण्याच्या बाजूने तू लिहिणार."

"अर्थात," अर्थात म्हणाला. तो पलीकडच्या वस्तीत राहायचा, रोज त्या रस्त्यातून जीव मुठीत धरून चालायचा आणि रस्ता बंद व्हावा असं त्याला मनापासून वाटत होतं. म्हणजे दुकानदारांची बाजू त्याच्या गळ्यात पडली.

पण रागारागाने दुकानात आली आणि गाद्यांच्या थप्पीवर चढून बसली. रस्ता बंद करण्याच्या बाजूने काय लिहायचं, ते रस्त्याकडे बघूनच ठरवावं असं तिने मनाशी म्हटलं. जन्मापासून ती त्या रस्त्याकडे बघत होती, पण आजवर गिऱ्हाईक येतंय का एवढंच बघत होती. त्या दुपारी तिने पहिल्यांदा न येणाऱ्या माणसांकडे पाहिलं. एक काठीवाल्या आजी औषधवाल्यांकडे जायला कडेला उभ्या होत्या. एक पाय खाली टाकायच्या, हॉर्न वाजला की मागे घ्यायच्या. असं बराच वेळ चाललं. मग त्या वळल्या आणि औषध न घेताच घरी गेल्या. एक बाई मुलाचं मनगट इतकं घट्ट धरून चालली होती, की दुकानात काय मांडलंय ते बघायला तिची मान वळतच नव्हती. कुणी थांबत नव्हतं. थांबायला जागाच नव्हती.

आणि तिने बाबांना पाहिलं. पलीकडून एक ओळखीचे आजोबा हात करत होते. बाबांनी दाभण कापडात खोचलं, शेजारचा एक लोड उचलला आणि तो आडवा धरून थेट रस्त्यात जाऊन उभे राहिले. गाड्या करकचून थांबल्या. लोडाच्या आड आजोबा सावकाश अलीकडे आले. बाबा परत येऊन टाके घालायला बसले. हे ते रोजच करत. पणने हे हजारदा पाहिलं होतं आणि तिला नेहमी हसू यायचं. त्या दिवशी आलं नाही.

लेख तिने एका बैठकीत लिहिला. बाबांनी विचारलं, "काय चाललंय?" तर म्हणाली, "कॉलेजचं." खोटं बोलली नाही, पण पुरतं खरंही नाही. लोडाची गोष्ट तिने लेखात घातली नाही. बाबांना चव्हाट्यावर आणावंसं वाटलं नाही. शेवटचं वाक्य मात्र असं उतरलं, की तिने स्वतःच ते तीन-चारदा मोठ्याने वाचलं : 'आमच्या रस्त्यावरच्या दुकानदारांना गिऱ्हाइकाची गाडी दिसते, गिऱ्हाईक दिसत नाही.'

त्या आठवड्यात कात्रीची परीक्षा होती, म्हणून पानं लावायचं काम पणकडे आलं. सगळं बसलं, फक्त 'आमने-सामने' एका ओळीने पानाबाहेर जात होतं. अर्थातच्या लेखात पाणी भरपूर होतं, पण प्रतिस्पर्ध्याचं कापायचं नाही हा नियम होता. तिने स्वतःच्या लेखात शोधलं. खरं सांगायचं तर दोन वाक्यं बिनकामाची होती. पण आपलं वाक्य कापायला जो निर्दयपणा लागतो तो फक्त दुसऱ्याच्या वाक्यासाठी असतो. शेवटच्या वाक्याला तर ती हातही लावू देणार नव्हती. राहता राहिलं शेपूट. दर आठवड्याला असतंच की, सगळ्यांना पाठ आहे, असं म्हणून तिने ते उडवलं. त्या दिवशी "शेपूट लावलं का" असं ओरडायलाही खोलीत कुणी नव्हतं.

एरवी तो अंक कॉलेजच्या फाटकाबाहेर पडत नसे. या वेळी विषयच असा होता, की दुसऱ्या दिवशी तो औषधवाल्यांच्या हातात होता. ते रस्ता ओलांडून, जीव धोक्यात घालून, दुकानात आले आणि मोठ्याने वाचायला लागले. शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज चढला. "गादीवाले, हे तुमच्या वारसाचं बरं का! आपण सुनावणीला निघालोय आणि घरातच फितुरी!"

दोन गिऱ्हाइकं हसली. बाबा हसले नाहीत. ते टाके घालत राहिले आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा त्यांनी एक टाका उसवून परत घातला.

संध्याकाळी पण घरी आली तेव्हा त्यांनी अंक तिच्यापुढे ठेवला. "हे तुझं मत आहे?"

पणचा चेहरा उतरला. तिने घाईघाईने सगळं सांगितलं : सोमवारची बैठक, उलट्या बाजूची रीत, शेपूट, आणि ते आपणच कसं कापलं. "माझं मत नाही ते, बाबा. नेमून दिलं होतं."

बाबांचे खांदे एकदम सैल झाले. "अगं, मग तसं सांगायचं ना! मी उगाच दिवसभर डोकं पिकवतोय. छापा पुढच्या अंकात, म्हणजे औषधवाल्यांचं तोंड बंद." आणि ते इतके खूष झाले, की आपण होऊन भांडी घासायला उठले. आईने ती घासू दिली.

दुसऱ्या दिवशी कात्रीने सगळं ऐकून घेतलं. ती चिडली नाही, फक्त म्हणाली, "पहिल्या पानावर खुलासा." पणने कॉम्प्युटरला चापट मारली आणि ती टाइप करायला लागली : 'मागच्या अंकात एक ओळ राहून गेली. लेखिकेचं स्वतःचं मत याच्या...' तिथे तिची बोटं थांबली.

काठीवाल्या आजी तिच्या डोळ्यांपुढून जाईनात.

"अर्थात, एवढा काय विचार करतेस?" अर्थात मागून म्हणाला. "शेपूट घालायचं एवढंच ना? घाल आणि मोकळी हो."

खोलीत सगळे खो खो हसले. त्याला तसं म्हणायचं नव्हतं, बिचाऱ्याला बोलून झाल्यावर कळलं. पण पणला ते जिथे लागायचं तिथे लागलं. सोमवारी ती ओळ खरी होती. आता ती छापली, तर ते खरंच शेपूट घालणं होतं. आणि काल बाबांना जे सांगितलं, तेही खोटंच होतं. तिला फार वाईट वाटलं. वादात हरल्यावर वाटतं तसं नव्हे. बाबांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवून भांडी घासली होती, त्याचं वाटलं.

तिने ओळ पुसली आणि दुसरी लिहिली : 'मागच्या अंकात एक ओळ राहून गेली. लेख लिहायला घेतला तेव्हा ती खरी होती. लिहून झाल्यावर राहिली नाही.' कात्रीने वाचलं. तिच्या हातून एक शब्दही कापला गेला नाही.

घरी जेवताना पणने सांगून टाकलं. "बाबा, काल मी चुकीचं बोलले. आधी माझं मत नव्हतं ते. आता आहे."

बाबांचा घास हातातच राहिला. "म्हणजे मला गिऱ्हाईक दिसत नाही?"

"पण..." ती म्हणाली, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा त्या शब्दापुढे तिला काही सुचलं नाही.

पुढचे दिवस घरात कुणी भांडलं नाही, तेच जड गेलं. बाबा तिच्याशी बोलत होते, पण अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलतात तसे, नीट आणि थोडक्यात. पणला ते सहन होईना. त्यात बाबांचं दुसरंच घोडं अडलं. गादीवर आडव्या झालेल्या माणसाशी तासन्‌तास बोलणारा हा गृहस्थ कोरा कागद पुढे आला की मुका व्हायचा. भाषणाची सुरुवातच होईना. 'सन्माननीय' लिहायचे आणि खोडायचे. दुकानदारांची सगळी भिस्त त्यांच्यावर होती आणि सुनावणी तोंडावर आली होती.

"घरात लिहिणारी आहे की," आई भाजी निवडता निवडता म्हणाली.

"ती पलीकडच्या बाजूची झाली."

"मग बरंच झालं. तिला पलीकडचंच लिहायची सवय आहे म्हणे."

बाबा कागद-पेन उचलून मुलीच्या समोर जाऊन बसले. "तू उलटं लिहितेस ना? मग माझं लिही. आणि असं लिही की..."

"की तुम्ही येऊन माझे आभार मानाल," पण म्हणाली. तिला रडू येत होतं आणि हसूही.

बाबा बोलत गेले, ती लिहीत गेली. गादी खांद्यावरून जात नाही. पाठीच्या दुखण्याचं गिऱ्हाईक चालत येऊ शकत नाही, रिक्षाने दारात उतरतं. रस्ता बंद झाला तर ते मोठ्या दुकानाकडे वळेल आणि परत येणार नाही. दुकान म्हणजे चार भिंती नव्हेत, त्या रस्त्याला माणसांनी लावून घेतलेली पावलांची सवय आहे, हे वाक्य तिचं. ते बाबांनी तिच्याकडून परत एकदा वाचून घेतलं. तिने हातचं काही राखलं नाही. इतकी चांगली उलटी बाजू तिने आजवर लिहिली नव्हती. लिहून झाल्यावर हात त्याच ओघात पुढे गेला आणि कागदाच्या तळाशी एक ओळ उतरली. तिचं तिलाही कळलं नाही. बाबांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

सुनावणीला नगरपालिकेचं सभागृह भरून गेलं होतं. पुढे दुकानदार, मागे बाकीचे. पण, अर्थात आणि कात्री शेवटच्या रांगेत अंकासाठी टिपणं घ्यायला बसले होते. मंचावरच्या अधिकारी बाई दमलेल्या दिसत होत्या. त्यांच्यापुढे सकाळपासून लोक एकमेकांवर ओरडून गेले होते. बाबा माइकपाशी आले, चष्मा लावला आणि वाचायला लागले. हळूहळू सभागृह शांत झालं. पावलांच्या सवयीचं वाक्य आलं तेव्हा औषधवाल्यांनी रुमाल काढला. भाषण संपलं, टाळ्या सुरू झाल्या. बाबांनी हात वर करून त्या थांबवल्या. कागदाच्या तळाशी बघत तितक्याच ठसक्यात ते म्हणाले :

"लेखिकेला बाजू नेमून दिली आहे. तिचं स्वतःचं मत याच्या उलट आहे."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग हशा उसळला. मागच्या रांगेत पणने तोंडावर वही धरली. "शेपूट लावलंस?" अर्थात पुटपुटला. या वेळी तो आपल्या वाक्याची सुरुवातही विसरला.

"हे काय वाचलंत आपण?" अधिकारी बाईंनी विचारलं. त्यांच्या ओठांवरही हसू होतं.

"भाषण माझ्या मुलीने लिहिलंय," बाबा म्हणाले. "मत सगळं माझं आहे, त्यातल्या अक्षराअक्षराला मी बांधील आहे. तिचं मात्र वेगळं आहे. मागे एकदा ही ओळ छापायची राहिली आणि लोकांचा गैरसमज झाला. मी म्हटलं, आपल्याकडून तरी राहायला नको."

"गादीवाले, अहो, काय करताय?" औषधवाले कळवळून म्हणाले.

"मग तिचं मत काय आहे?" बाईंनी विचारलं.

"ते मी कसं सांगू? ती मागे बसली आहे. चांगलं बोलते." बाबांनी चष्मा काढला आणि मागे वळून हाक मारली, "पण, ये इकडे."

ती उठली. मधल्या वाटेने माइककडे निघाली. दुकानदार बघत होते, त्यातल्या निम्म्यांनी तिला उशांच्या ढिगाऱ्यावर झोपलेली पाहिलं होतं. बाबांनी माइकचा दांडा तिच्या उंचीइतका खाली केला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले, हाताची घडी घालून, गिऱ्हाइकाचं ऐकायला बसावं तसे.

पणने एकदा बाईंकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"माझ्या लेखात मी लिहिलं होतं, की दुकानदारांना गिऱ्हाईक दिसत नाही," ती म्हणाली. "ते मी चुकीचं लिहिलं. माझ्या बाबांना दिसतं. त्यांना ते इतकं दिसतं, की पलीकडे कुणी अडलं की ते हातात लोड घेऊन गाड्यांसमोर उभे राहतात. रोज."

सभागृहात कुणीतरी "खरंय" म्हणालं. औषधवालेच असावेत, त्यांची अर्धी गिऱ्हाइकं त्याच लोडाच्या आडून आलेली होती. बाबा खाली मान घालून शर्टाला चिकटलेला कापूस काढत होते.

"आणि आत्ता जे त्यांनी वाचलं ते सगळं बरोबर आहे. गादी खांद्यावरून जात नाही. त्यांचं बरोबर आहे," पण म्हणाली, आणि मोठा श्वास घेण्यासाठी थांबली.

पहिल्या रांगेत बाबांनी मान वर केली. पुढचा शब्द कोणता, ते त्यांना ठाऊक होतं. तो ऐकायला ते पुढे सरकून बसले.